दादाच्या दगडावरचा क्रूस

आपल्या कबरेवर क्रूस नको, हे दादाने मला स्वतः सांगितले होते. दवाखान्यातून घरी आणल्यावर, पूर्ण शुद्धीत, दोनदा.

आमचे घर नगरच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीतले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे आम्ही संडेस्कूलमध्ये पाठ केले. समजले किती, ते सांगता येत नाही. दादा मात्र निवृत्तीनंतर सावेडीतल्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या सभेला जाऊ लागला. त्यांच्या मते देव म्हणजे एकटा पिता. येशू त्याचा पुत्र, पण देव नव्हे. देवाने सर्वांआधी निर्माण केलेला. पवित्र आत्मा ही देवाची शक्ती. मेलेला माणूस कुठे जात नाही. पुन्हा उठवले जाईपर्यंत काही न कळता झोपून राहतो. नाताळ नाही, क्रूस तर नाहीच.

"ज्यावर मारलं, तेच पुजायचं का?" दादा विचारी.

"मग माझं मंगळसूत्र काढून घ्या, त्यातही क्रूसच आहे," वहिनी म्हणे. दादा नुसता हसे.

दादाचे दफन आमच्या पाळकांनी आमच्याच रीतीने केले. नंतर दगडावर कोरायला नाव आणि साल लिहून मी कारागिराला कागद दिला. पंधरा दिवसांनी पाहायला गेले, तर नावाच्या वर वीतभर क्रूस.

"हा कागदावर नव्हता," मी म्हणाले.

"कागदावर कुनीच लिहीत न्हाई, मॅडम. किरिस्ती मानसाचा दगड म्हंजी त्यो आलाच. आता घासला तर जागा खोलगट दिसंल. परवापोतर सांगा."

वहिनीला सांगितले, तर ती म्हणाली, "राहू द्या ताई. तुम्ही सांगितला नाही, मी सांगितला नाही, आपोआप आलाय. कोऱ्या दगडापुढे फुलं घेऊन मी काय म्हणू?"

दोन दिवस मी दादाची पुस्तके आणि आमचे उपासनेचे पुस्तक शेजारी ठेवून वाचत बसले. दादाचे खरे असेल, तर त्याला आता काहीच कळत नाही; क्रूस असला काय, नसला काय. आमचे खरे असेल, तर तो प्रभूजवळ आहे, आणि क्रूसावरचा त्याचा राग केव्हाच गेला असेल. कुठूनही गेले तरी क्रूस राहायला हरकत नव्हती. फक्त दादाचा शब्द त्यात कुठेच बसत नव्हता. याहून पुढे मला विचार करता येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी कारागिराला फोन केला आणि म्हटले, "घासा."

वहिनी समोर मेथी निवडत होती. तिने विचारले, "म्हणजे ते झोपलेत म्हणायचं, की वर आहेत?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही," ती म्हणाली, "आणि तरी घासायला सांगितलंत."