बोगद्यापलीकडचं शिंगरू

मी विज्ञान शिकवते. नागपुरात, एका शाळेत. भूत, दृष्टांत, अंगात येणं… असलं काही कोणी सांगायला लागलं की स्टाफरूममध्ये सगळ्यात आधी हसणारी मीच. तेव्हा हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय, पण लिहिते.

आई मूळची भिवापूरची. बाबा गेल्यापासून आमच्याकडे नंदनवनला असते. काचबिंदूमुळे तिची नजर कमी होत चाललीय, नळीतून बघावं तेवढंच तिला दिसतं. गेल्या मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, "काही दाखवायचं असेल तर आत्ताच दाखवा." आईने आयुष्यात पहाड पाहिला नव्हता. म्हणून शिमला ठरलं.

घरात तिकिटं काढणं माझं काम. कमी पैशात चांगली सीट शोधायचा मला नादच आहे! दिल्लीपर्यंत स्लीपर, पुढे काल्क्यापर्यंत चेअर कार असं छान जमलं. राहिली फक्त तिथून वर शिमल्याला चढणारी छोटी गाडी. मला मोठ्या काचांचा, गाद्यांचा महाग डबा हवा होता. बाकी ठिकाणी वाचवलं ते आईसाठी इथे घालू म्हटलं.

मी पर्याय वाचून दाखवत होते. आई मध्येच म्हणाली, "ते स्वस्तवाली घे."

"आई, ती प्रत्येक स्टेशनवर थांबते. लाकडी बाकं असतील. पाठ दुखेल तुझी."

"दुखू दे. मले तेच पायजे."

"काहून पण?" चिडले की माझ्या तोंडूनही नागपुरी निघते.

"मले का माईत वं! तेच घे."

आमचे हे म्हणाले, "घे ना, पैसेही वाचतात." घेतली.

काल्क्याहून सकाळी निघालो. डबा गच्च भरलेला. समोर लुधियान्याचं एक कुटुंब, पराठ्यांचा डबा उघडून बसलेलं. पहिले काही बोगदे असेच गेले. मग एका बोगद्यात, अंधारातच, म्हणाली, "आता लाल छताचं घर येईन. गच्चीवर बाई केस वाळवून राहिली."

बोगदा संपला. लाल छत. गच्चीवर केस मोकळे सोडून उभी असलेली बाई…

मी म्हटलं, योगायोग. पुढच्या बोगद्यात आई म्हणाली, "पूल. खाली पोरं क्रिकेट खेळून राहिली." पूल आला. खाली मुलं खेळत होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. लुधियान्याच्या काकूंनी ह्यांना अर्थ विचारला आणि मग काय… सगळा डबाच सामील झाला! बोगदा आला की कोरस – "माताजी, अब क्या आएगा?" आई सांगायची, उजेड व्हायचा आणि टाळ्या! आई लहान मुलीसारखी हसत होती. बाबा गेल्यानंतर तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. ह्यांनी मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला.

एका लांब बोगद्यात मात्र ती एकदम माझा हात धरून म्हणाली, "आता गाडी थांबन. घोडी व्याली आहे."

बाहेर पडताच ब्रेक लागले. स्टेशन नव्हतं. रुळांच्या अगदी कडेला एक तपकिरी घोडी, आणि तिच्या पायाशी ओलंचिंब शिंगरू. उठायचं, पडायचं, परत उठायचं… घोडीचा मालक हात जोडून ड्रायव्हरला थांबायला विनवत होता. अर्धा डबा खाली उतरला. मीही आईला धरून उतरवलं. शिंगरू चार पायांवर उभं राहिलं तेव्हा असा जल्लोष झाला, जसं काही मॅच जिंकलो! मालकाने आईचा हात शिंगराच्या पाठीवर ठेवला.

"गरम आहे वं," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

रात्री हॉटेलात मी विचारलं, "आई, तुले कसं कळत होतं?"

"दिसून राहिलं होतं, सांगून राहिली होती. त्यात का एवढं?"

परतीच्या गाडीत तसं काहीच झालं नाही. नंतरही कधी नाही. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. नजर होती तेवढीच.

व्हिडिओ मी कितीदा पाहिलाय… स्क्रीन पूर्ण काळी आहे, चाकांचा खडखडाट आहे, आणि त्या काळोखात आईचा स्वच्छ आवाज – "घोडी व्याली आहे." उजेड त्यानंतर येतो. शाळेतल्या मुलांना मी प्रत्येक गोष्टीचं कारण शोधायला सांगते. ह्याचं कारण मला सापडलेलं नाही. खरं सांगू? फारसं शोधतही नाही.