वेचणीतलं गाणं ओसरीवर

कापसाच्या वेचणीला पुरुषांनी रानात फिरकायचं नाही, असा आमच्या गावचा रिवाज होता. गाव नेकनूरजवळ, राज्य निजामाचं, हुकूम सगळे हैदराबादेहून यायचे. हा एकच बायकांचा हुकूम, आणि आमचे आजोबाही तो मुकाट्यानं पाळायचे. वेचताना बायका गाणी म्हणायच्या, आणि ती पुरुषांच्या कानावर पडण्यासारखी नव्हती. लेकरांना मात्र कुणी मोजत नसे.

घरात माझ्या आईचा पदर कपाळाच्या खाली. आजोबांसमोर ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही. पाणी हवं का, हेसुद्धा ती मला विचारायला लावायची. हीच बाई रानात कमरेला कापसाची ओटी बांधली की गाणी रचायची. इतकी चावट की बाकीच्या बायका हसून हसून खाली बसायच्या. मी सात वर्षांची, भाऊ चारचा. आम्हाला ठेका आवडायचा, अर्थाशी काही देणंघेणं नव्हतं.

एकच बाई गात नसे. ती विधवा होती, आमच्याकडे रोजानं यायची. "हळू म्हना वैनी, लेकरं ऐकायलेत," असं ती सारखी म्हणायची.

"ऐकू दे की. त्यान्ला काय कळतंय," आई म्हणायची.

एके दुपारी तहसिलीतून गिरदावर, म्हणजे जमीन-महसूल तपासणारा अंमलदार, आला. ओसरीवर सतरंजी अंथरली, पानसुपारी झाली, गावातले चार शहाणे येऊन बसले. नातवंडं किती हुशार आहेत हे दाखवायची आजोबांना भारी हौस. आम्हाला समोर उभं करून ते म्हणाले, "सायबाला कायतरी म्हनून दावा." त्यांच्या मनात आरती असणार. भावानं टाळ्या वाजवत सुरू केलं:

"नवरा गेला बाजाराला,
दीर आला शेजाराला..."

मीही साथ धरली. पुढच्या ओळी मी आज या वयातही कागदावर उतरवणार नाही. चार वर्षांच्या पोराच्या तोंडून त्या कशा वाटल्या असतील, या विचारानं अजून अंगावर काटा येतो.

गिरदावर आधी फस्सकन हसला, मग आजोबांचं तोंड पाहून गप्प झाला. माझ्या आवडीची ओळ राहिली होती, ती मी एकटीनं म्हणून टाकली. 

आजोबा ओरडले नाहीत. "कुनी शिकिवलं गं हे?" एवढंच त्यांनी विचारलं.

आत आई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. आपण काहीतरी भयंकर केलंय, हे मला आजोबांकडे बघून नव्हे, त्या थांबलेल्या हातावरून कळलं. माझी आई घाबरली होती. ती घाबरू शकते हेच मला ठाऊक नव्हतं.

"ती रोजानं येती ना, तिनं," मी म्हणाले.

खोटं बोलायचं असं ठरवलंही नव्हतं. ते इतक्या सहज निघालं की माझी मीच चकित झाले. आता आई बाहेर येईल आणि खरं सांगेल, अशी मी वाट पाहत राहिले. आत पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई नेहमीसारखी दारात आली. आजोबा ओसरीवरूनच म्हणाले, "माज्या रानात पाय ठिवायचा न्हाई. लेकरं नासवलीस तू."

तिनं दाराआडच्या आईकडे पाहिलं. मी आईचा पदर धरून उभी होते. कोण म्हणालं, काय म्हणालं, असं तिनं काहीच विचारलं नाही.

"चुकलं मालक," ती म्हणाली. "लेकरं ऐकायलेत हे ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

ती गेली. आईनं पदर आणखी खाली ओढला.

आता आई पुन्हा गाणार नाही अशी माझी खात्री होती. पण आठ दिवसांनी ती रानात गायली. तेच गाणं. बायका तशाच हसल्या आणि भावानं टाळ्या वाजवायला हात वर केले. मी धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

आईनं वळून पाहिलं. तिची ओळ अर्ध्यावर तुटली. मग किती तरी वेळ रानात फक्त बोंडांतून कापूस ओढल्याचा आवाज येत होता.