‘उलटा पंचनामा’ आणि आमच्या गौरीची नथ

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी हसायला वाचते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला चकवा लागतो... आणि मी चहा पीत म्हणते, याला ॲसिडिटी झाली असेल. माझं वय सहासष्ट, गुडघे सोडले तर सगळं ठणठणीत. चष्म्याचा नंबर गेल्याच महिन्यात तपासून घेतलाय. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हीही तेच म्हणणार आहात.

आमचं घर रत्नागिरीत, मांडवीला. रोज संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे ‘उलटा पंचनामा’ ही मालिका लागते. त्यातला इन्स्पेक्टर ठाण्यातल्या जुन्या जीपमध्ये बसला की चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे जातो आणि राहून गेलेल्या केसेस सोडवतो. गोष्ट तशी बंडल. पण आमच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिची वेगळीच मजा चालते — त्या काळात नसलेली वस्तू मागे कुठे दिसली की लगेच कळवायचं. “ऐंशी सालच्या कौलांवर डिश अँटेना बघा गो.” पहिली चूक पकडेल ती त्या आठवड्याची फौजदारीण. मी सलग तीन आठवडे फौजदारीण होते. त्यामुळे मी इन्स्पेक्टरकडे बघतच नाही, त्याच्या मागे बघते.

गणपती यायच्या आधीचा मंगळवार. इन्स्पेक्टर एका गल्लीतून चोरामागे धावत होता. मागे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा गडगा, म्हणजे आमच्याकडचं दगडी कुंपण. त्याच्या आत पडवी. पडवीच्या पायरीवर हिरव्या नऊवारीतली एक मुलगी, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात सुटत चाललेला काष्टा. तिने वाटी ठेवली आणि आत पळाली. मग लाल फ्रॉकातली एक पोर आली. वाटीतलं पाणी तिने गडग्यावर फेकलं, वाटीत तेरड्याची फुलं भरली आणि गेली. फार तर दहा सेकंद.

मी चूक शोधत होते. एकही नव्हती. वाटी आमची होती, काठाला पोचा आलेली. लुगडं सासूबाईंचं होतं. आणि इतका गबाळा काष्टा अख्ख्या जिल्ह्यात एकाच बाईने खोचलाय.

लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नव्या सुनेने सूप भरून गौरीपुढे ओवसा ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. माझ्या ओवशाच्या दिवशी सासूबाईंनी गौरीची नथ रिठ्याच्या पाण्यात घातली आणि वाटी माझ्या हातात दिली, “पुसून आण, आणि दुसरीकडे बघू नकोस.” मी अलोऱ्याच्या सरकारी कॉलनीत वाढलेली, नऊवारी पहिल्यांदाच नेसलेली. काष्टा सुटला म्हणून वाटी मागच्या पडवीच्या पायरीवर ठेवून आत गेले. परत आले तर वाटी नाही. मग ती सापडली गौरीपुढे, फुलांनी भरलेली. फुलं कुणी भरली हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही — ही आजची फौजदारीण.

सगळ्यांचं ठरलं, नव्या सुनेने पाण्याबरोबर नथ ओतली. मागचं पाणी माडाला जातं, म्हणून माडाचं आळं खणलं. काही मिळालं नाही. आणि मी बावळट, रडत रडत एकेकाच्या पाया पडले. माफी इतकी मन लावून मागितली, की पुढे मलाच वाटायला लागलं, ओतली असेन.

तेव्हापासून गौरीला खोटी नथ. आणि दर वर्षी ती घालताना माझी नणंद सुलू आल्यागेल्याला सांगणार, “खरी आमच्या वहिनीच्या ओवशात वाहून गेली हो.” नथ गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी तिला वन्सं म्हणायचे, अजून म्हणते.

टीव्हीवर जाहिरात लागली आणि फोन वाजला. देवरूखहून सुलू.

“वहिनी, आत्ता बघितलंत?”

“बघितलं.”

“तो फ्रॉक आईने शिवलेला. खिशावर बदक होतं.”

“बदकही बघितलं.”

तिकडे तिने टीव्ही बंद केला.

“मला वाटलं नुसतं पाणी आहे. आठवतच नव्हतं हो मला... आत्ता आठवलं.”

“रडू नका वन्सं. पाया पडायची सवय मला आहे, तुम्हाला जमायचं नाही.”

ग्रुपवर विचारलं. सगळ्यांना त्या जागी साधी भिंत दिसली होती, तिला टेकवलेली सायकल. माझ्या सुनेने तो एपिसोड ॲपवर चार वेळा लावला. भिंत, सायकल.

“आई, डोळ्यांवर ताण आलाय तुमच्या.”

“आणि वन्संच्या डोळ्यांवर? देवरूखात?”

सकाळी मी केसातली पिन घेऊन मागच्या गडग्यापाशी बसले. चिऱ्याला भोकं काय कमी असतात? शेवाळ खरवडत, माती उकरत तास गेला. सून छत्री धरून उभी, तोंडाने “पुरे आता” चाललेलं. खालून तिसऱ्या थरातल्या एका भोकातून आधी तार आली, मग लाल खडा, मग दोन मोती. सुनेच्या हातातली छत्री माझ्या डोक्यावरून कधी बाजूला गेली, तिलाही कळलं नाही.

सोनाराने मोती नवे ओवून दिले. गौरीच्या दिवशी घरात वीसेक माणसं. सुलू एसटीने आली. मी नथ तिच्या हातात दिली. “घाला तुम्हीच. पण कुणी ओतली ते सांगून घाला.”

“मी ओतली. वहिनीने नाही.”

“ऐकू आलं नाही.” स्वच्छ आलं होतं.

तिला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ती हसत होती. माझं मात्र नाक वाहायला लागलं, म्हणून मी नैवेद्याचं ताट बघायला आत गेले.

कुणी शूट केलं ते? पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं आमचं मागचं दार त्या मालिकेत आलं कसं, आणि दिसलं ते आम्हा दोघींनाच का? मालिका अजून चालू आहे आणि मी अजून मागचंच बघते. पण आता चुका शोधत नाही. ती हिरव्या लुगड्यातली मुलगी परत दिसली तर तिला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, तू ओतली नाहीस. दुसरी, काष्टा घट्ट खोच.