बांधावरचे ठसे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, पाठच्या बहिणीजवळही नाही, आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपलेलं नसतं. मग तुम्हालाच का सांगतेय? खरं म्हणजे मलाही नीट माहीत नाही. मागच्या महिन्यात एक मुलगी आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेली, तेव्हापासून हे गिळता येत नाहीये. एवढंच.

मुलांपासून सुरू करते, ते सोपं जाईल. मला दोन मुलं. सई मोठी, ओम तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा. आम्ही जुन्नर तालुक्यात राहतो, राजुरीच्या अलीकडे, गावात नाही, मळ्यात. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि मुलं चालायला लागली की अंकओळखीच्या आधी वाघाची शिकवणी होते. उसाच्या कडेला खाली बसायचं नाही. दिवस मावळायच्या आत घरात. एकट्याने बांधावरून जायचं तर तोंडाने आवाज करत जायचं. सई पाढे म्हणत जायची. ओमला पाढे येत नव्हते, तो टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिराती ओरडत जायचा.

जायची कुठे? तर प्रज्ञाकडे. आमच्या घरापासून बांध धरून चाललं की पाच मिनिटांवर प्रज्ञाचं घर. ती सईच्याच वर्गात, पण वर्षाने मोठी. तिचे वडील विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळून. सगळ्या शिवारात त्यांच्या हाताला तोड नाही. मोटार जळली की मोठमोठे बागायतदार त्यांच्या दारात उभे. कुटुंब बौद्ध. घरात बुद्धाची तसबीर, दारावर निळा झेंडा, आणि अंगण असं झाडलेलं की आपल्याला चपला काढाव्याशा वाटाव्यात.

मी डी.एड. केलेलं आहे. नोकरी लागली नाही, पण शिकवायची हौस गेली नव्हती. संध्याकाळी पडवीत चार मुलं घेऊन बसायचे, त्यात प्रज्ञा असायचीच. हुशार पोरगी. माझ्याच ताटलीत खायची, माझ्याच पेल्याने पाणी प्यायची, आणि मला त्याचा केवढा अभिमान! कुणी बाई बसायला आली की मी मुद्दाम प्रज्ञाला हाक मारून तिच्या हातात लाडू द्यायचे. बघा म्हणावं, आमच्याकडे असलं काही चालत नाही.

ती आमच्याकडे येत होती तोवर मला खरंच काही वाटत नव्हतं. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यातच आहे.

माझी मुलंही तिच्याकडे जायची, जेवायची. तेही मला माहीत होतं. पण ते माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत ऐकणं वेगळं. धाकट्या दिराचं लग्न ठरवायला पाहुणे आले होते त्या दिवशी हे मला कळलं. नणंदेच्या सासरकडचं स्थळ, आठ-दहा माणसं, बैठकीत गादी घातलेली. ओम बाहेरून धावत आला. सहा वर्षांचा होता तेव्हा. नणंद म्हणाली, पावण्यांना नमस्कार कर. आणि माझ्या पोराने दोन्ही हात जोडून, छाती पुढे काढून, खणखणीत आवाजात ‘जय भीम’ घातला.

काय चुकलं होतं त्याचं? प्रज्ञाच्या घरी मोठ्या माणसांना भेटल्यावर तसंच म्हणतात. तो तेच शिकला होता. एक म्हातारे पाहुणे हसले, म्हणाले, “पोरगं हुशार हाय.” बस, एवढंच. मग ताटं वाढली, तर ओम म्हणतो, प्रज्ञाच्या आईचं कालवण याच्यापेक्षा भारी असतं. कुणीतरी पावसाचा विषय काढला.

पाहुणे गेल्यावर नणंद मला मोरीपाशी म्हणाली, “वहिनी, पोरं कुठंबी जेवत्यात व्हय? जरा बघत जा.” रागाने नाही, अगदी सहज, मीठ कमी पडलंय हे सांगावं तशी. सोयरीकही जमली. पुढे लग्न थाटात झालं. म्हणजे नुकसान म्हणाल तर काडीचंही झालं नव्हतं.

पण मला लाज वाटली. कशाची? मुलाच्या वागण्याची, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. पाहुण्यांच्या नजरेत आपण खाली आलो, याची लाज वाटली. आणि ती वाटली म्हणून स्वतःची आणखी लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं दप्तर भरत होती, तेव्हा मी म्हणाले, आजपासून बांधावरून प्रज्ञाकडे जायचं नाही. उसात वाघीण आहे. पिल्लं घातलीत. मी ठसे पाहिलेत.

मी काहीही पाहिलेलं नव्हतं.

बघा, सरळ ‘तिकडे जेवू नका’ म्हणता आलं असतं. पण मग सईने ‘का?’ विचारलं असतं. सई विचारायचीच. आणि त्या ‘का’ला दिलेलं उत्तर मला माझ्याच तोंडून ऐकायचं नव्हतं. वाघाला ‘का’ लागत नाही. आमच्या भागात वाघ आहे म्हटल्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. सईने विचारलं ते इतकंच, ठसे कसे होते? मी सांगितलं, चार बोटं, नखं उमटलेली नाहीत. शाळेच्या भिंतीवर वनखात्याने माहितीचा कागद लावलाय, त्यावर वाचलं होतं. डी.एड. असं कामी आलं.

सई म्हणाली, “पण मग प्रज्ञा तर तिथंच राहते ना?”

यावर मी काय म्हणाले ते आठवत नाही.

तिने शाळेत जाऊन प्रज्ञाला सांगितलं. मैत्रीण होती, सांगणारच. प्रज्ञाने वडिलांना सांगितलं, वडिलांनी पोलीस पाटलांना, आणि तिसऱ्या दिवशी वनखात्याची दोन माणसं माझ्या दारात. ठसे दाखवा म्हणाली. मी त्यांना बांधावर नेलं, एका जागी बोट दाखवलं आणि म्हणाले, रात्री उसाला पाणी भरलं, त्यात गेले बघा. पाणी खरंच भरलं होतं. चिखल होता. त्यांनी मान डोलावली. तोवर आणखी दोघांना वाघ दिसलाही होता. एकाला डोळे, एकाला शेपूट. प्रज्ञाच्या घरामागे, उसाच्या कडेला पिंजरा लावला.

मला वाटलं होतं, आठ-पंधरा दिवस राहील आणि नेतील. रिकामा पिंजरा इथे कुणाला नवा नाही.

नवव्या दिवशी त्यात वाघ सापडला.

खरा. मादी होती, पिल्लं काही कुठे मिळाली नाहीत. सगळा गाव जमला, माणसं बांधावर चढून मोबाइल उंच धरून उभी. मीही गेले, जावंच लागलं. गजांना धडका देऊन तिचं कपाळ सोललं होतं. आमचे हे माझ्याकडे वळून म्हणाले, “बरं झालं तू बघितलं व्हतं.” सई माझा पदर धरून उभी होती. माझी आई वाघाचं खरं सांगते, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. आणि मी काय केलं? मी मान हलवली. गंभीरपणे.

तुम्ही म्हणाल, मग खोटं कुठे झालं? वाघ तर होता. मीही हे स्वतःला पुष्कळ वेळा म्हणून पाहिलंय. पण मी बोलले तेव्हा मला तो माहीत नव्हता. मला फक्त माझी पोरं त्या घरापासून तोडायची होती. पुढच्या ग्रामसभेत माझ्या जागरूकतेबद्दल शाल आणि नारळ दिला. शाल चांगली आहे, अजून वापरात आहे.

प्रज्ञाच्या घरचे मात्र हबकले. एक सापडला, पण पिल्लं असतील तर? पोरगी रोज त्याच बांधाने शाळेत जाते. वडील काही दिवस तिला गाडीवर सोडत होते, पण मोटारी भरायच्या दिवसांत त्यांना ते जमेना. शेवटी त्यांनी तिला मंचरला मावशीकडे ठेवलं, शाळाही तिकडेच घातली. दहा वर्षांची होती. जायच्या आधी तिची आई मला भेटायला आली. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, “ताई, तुमी सांगितलं म्हणून पोर वाचली आमची. लई उपकार झाले.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर ऊस तुटला, बांध मोकळा झाला, पण प्रज्ञा परत आली नाही. तिकडेच रमली म्हणायचे. रमली का, हे मी कधी विचारलं नाही. सई गप्प गप्प राहायला लागली. शाळेतून आली की पडवीत एकटीच पुस्तक घेऊन बसायची, आणि मी लोकांना सांगायचे, आमची सई अभ्यासाला लागली हो. ओम कित्येक महिने दिवसाउजेडीही एकटा मोरीत जात नव्हता. मग तेही सुटलं. मुलं मोठी होतात, सगळं सुटतं. आता ओम चौदा वर्षांचा आहे आणि मित्रांना रंगवून सांगतो की त्याने ती वाघीण पिंजऱ्यात सापडायच्या आधीच उसात पाहिली होती. मला आता त्याला खोटं ठरवताही येत नाही. कुठल्या तोंडाने ठरवू?

आणि माझा हेतू? तो पुरा झाला. माझ्या मुलांनी पुन्हा त्या घरात पाणीसुद्धा घेतलं नाही. मनाई मी केली नव्हती. गरजच पडली नाही.

मागच्या महिन्यात प्रज्ञा आली. पुण्यात नर्सिंग शिकते आता. आईवडिलांना भेटायला आली होती, वाटेत सई भेटली, सईने घरी आणलं. दुपारची वेळ. दोघी पडवीतल्या बाकावर बसल्या आणि आठ वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणी बोलतात तशा आधी नुसतं हवापाण्याचं बोलल्या. मी चहा दिला. सई साखर आणायला आत गेली. आणि प्रज्ञा बशीकडे बघत म्हणाली, “काकू, तुम्हाला एक सांगायचं होतं. खूप दिवसांचं आहे.”

मी म्हटलं, सांग की.

“तेव्हा तुम्ही वाघाचं सांगितलं ना, मला खोटं वाटलं होतं. मला वाटलं, सई-ओम आमच्याकडे जेवतात ते तुम्हाला नकोय, म्हणून तुम्ही काहीतरी सांगताय. मी आईला तसं म्हणालेही. आईने मारलं मला. काकूंनी तुला फुकट शिकवलं आणि तू असं बोलतेस, म्हणाली.” तिने बशी बाकावर ठेवली. “मग खरंच वाघ सापडला. मला इतकी लाज वाटली माझी. आपल्याच मनात घाण आहे असं वाटायला लागलं. मंचरला असतानाही कुणी काही बोललं, वागलं, तर मी आधी स्वतःलाच दटावायचे, की तू उगाच भलतं मनात आणतेस. तुमच्याबद्दल असा विचार केला, त्याची माफी मागायची होती.”

दहा वर्षांच्या पोरीने बरोबर ओळखलं होतं. पूर्ण गावात तिने एकटीने. आणि त्यासाठी मार खाल्ला होता, आणि आठ वर्षं, कुणी तिच्याशी कसंही वागलं तरी, आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता.

साखरेचा डबा सापडत नव्हता, सई आत भांडी वाजवत होती. पडवीत आम्ही दोघीच होतो. वेळ होता. एक वाक्य तर बोलायचं होतं — तुझं बरोबर होतं गं, एवढंच. ते माझ्या जिभेवर आलंही होतं, हे मी शपथेवर सांगते. पण शपथेला आता काय अर्थ आहे?

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “असू दे गं. लहान होतीस. मी काही मनात ठेवलेलं नाही.”

तिचे डोळे भरून आले. सुटल्यासारखी हसली. सई साखर घेऊन बाहेर आली, आणि आम्ही तिघींनी चहा घेतला.

मी तिला माफ केलं.