शिंपीकाकांनी उचललेला वाटा

आमचे काका शिंपी. गिऱ्हाइकाचं माप फितीनं घेतलं तरी पुन्हा वितीनं मोजून बघत. कुणी चहा दिला तर आधी कपात डोकावत. अशा माणसाशी जमिनीचा वाद म्हणजे काय डोकेदुखी असते, ते माझ्या वडिलांना विचारायला हवं होतं.

आजोबांमागे घराजवळचा मोकळा तुकडा दोघा भावांत आला आणि बोलणंच बंद झालं. दोघांनाही रस्त्याकडची बाजू हवी होती. कोर्टात गेलो तर नातवंडं तारखा घेत बसतील, हे दोघंही जाणून होते. शेवटी गल्लीतल्या जाणत्यांनी नेहमीचा तोडगा काढला: थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे वाटे पाडणारा आपोआप सरळ वागतो.

वाटे पाडायच्या आदल्या दिवशी वडील आईला म्हणाले, "मी नोकरीवाला, मला कुठंही चालेल. त्याचा पाय अधू, दुकान रस्त्यावर नसेल तर तो खाणार काय? पण नुसतं देऊ केलं तर घ्यायचा नाही."

म्हणून त्यांनी फक्कीची रेघ मुद्दाम वाकडी मारली. रस्त्याकडचा वाटा मोठा, सपाट. मागचा अरुंद, नुसता खडक. काका रेघेवर उभे राहिले आणि चांगला वाटा बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"दादा, एवढं चांगलं माझ्यासाठी का सोडलंस?"

"तू उचल ना बाबा."

"रस्ता रुंद होणार असेल, पुढची जागा त्यात जाणार. तुला आतून कळलंय."

आणि पठ्ठ्यानं सगळ्यांदेखत मागचा वाटा उचलला! वडील अदलाबदल करू म्हणत त्यांच्या दारी गेले, तेव्हा तर काकांची खात्रीच पटली.

रस्ता काही रुंद झाला नाही. वडिलांनी आमच्या वाट्यातून काकांना वाट सोडली, तरी मागं कोण येतंय कपडे शिवायला? हळूहळू फक्त जुनी दुरुस्ती उरली. खडकातून पाय ओढत जाणारे काका दिसले की मला राग यायचा आणि पोटात तुटायचंही.

वडील गेले तेव्हा काका माझ्याजवळ येऊन बसले.

"आता तरी खरं सांग. दादाच्या मनात काय होतं?"

"तुमचं दुकान रस्त्यावर यावं. एवढंच."

काका ढसाढसा रडले. मग डोळे पुसून, इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "हे असं सांग म्हणून त्यानंच पढवून ठेवलं होतं ना तुला?"