दोन्ही कान दिसतील असा फोटो

चोंगचिंगच्या पायऱ्यांवरच्या बाजारात पेई शुशेंग कॅमेरा घेऊन फिरायचा तेव्हा कोणी मान वर करत नसे, आणि त्याला तेच हवं असायचं. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो रोज सकाळी तिथे. मासे साफ करणारे हात, नूडलच्या पातेल्यावरची वाफ, हुज्जत घालणाऱ्या बायका. भिंतींवर पाडापाडीची खूण म्हणून पांढरी वर्तुळं उमटली होती. उरलंय तेवढं टिपून घ्यावं, एवढाच त्याला ध्यास. "माझ्याकडे बघू नका हो, आपापलं काम करा," हे त्याचं पालुपद.

फक्त लोणचीवाल्या शियांगमावशी अडून बसल्या. "माझा समोरून काढ. दोन्ही कान दिसू देत."

म्हाताऱ्या माणसाची हौस, म्हणून पेईने काढला. मागे बरण्या, त्यांच्यापुढे मावशी ताठ बसलेल्या. रंगीत फोटो त्याला घरी धुता येत नसत, म्हणून हाही काळा-पांढराच. मोठा केला, दुकानात मिळाली ती काळी चौकट लावली आणि भर बाजारात मावशींच्या हातात ठेवला.

आजूबाजूच्या माना वर झाल्या. समोरचा नूडलवाला फेंग झारा तसाच धरून म्हणाला, "पेईभाऊ, मावशी अजून आहेत हो आपल्यात."

तेव्हा कुठे पेईच्या लक्षात आलं. समोरून काढलेला, दोन्ही कान दिसणारा, काळा-पांढरा, वर काळी चौकट. असा फोटो गेलेल्या माणसाचा असतो आणि घरात एकाच जागी लागतो, उदबत्त्यांच्या मागे. मावशींनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची जागा रिकामी होती.

तिसऱ्या दिवशीही रिकामीच. बरण्यांवर कोणीतरी गोणपाट टाकलं होतं. पेईचा जीव टांगणीला लागला. जन्म सगळा इथे गेला आणि एवढं कळू नये? कॅमेरा त्याने कपाटात टाकला, पण घरात बसवेना. बाजारात जावं तर फेंगला विचारायची हिंमत होईना. विचारलं आणि तो नको ते बोलला तर?

"असं कुढत बसण्यापेक्षा बघून ये," बायको, ग्वेईफांग, शेवटी वैतागली. "संत्री ने. आणि मयताची पांढरी फुलं उचलून नेऊ नकोस. तुझा काही भरवसा नाही."

पेईने फेंगकडून घर विचारून घेतलं. जिना चढून गेला तर दार उघडंच होतं. समोर मेजावर तोच फोटो, उदबत्तीच्या भांड्यामागे ठेवलेला. पेई दाराला धरून खालीच बसला. संत्री जिन्यावरून घरंगळत गेली.

"कोण ते?" आतून आवाज आला. "उठता येत नाही मला. पाय सुजलाय."

मावशी पलंगावर, पाय उशीवर. पेईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "चुकलो मावशी. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"ते दिसलंच. दोन्ही कान मी उगाच मागितले होते का? बाईमाणसाने आणखी किती स्पष्ट सांगायचं? आणि अशी वस्तू चारचौघांत देतात होय रे? मला मान वर करायला जागा ठेवली नाहीस."

"मग तो आत्ताच तिथे..."

"किती जागा लागते ते बघितलं. नव्या घराचं मेज याहून लहान आहे. आणि फोटोतल्या मागच्या बरण्या राहू देत हं. माझा पोरगा म्हणतो, अशा फोटोंत करतात तसं मागचं खोडून कोरं निळं करू. तू त्याला हात लावू देऊ नकोस."

पेईने मान डोलावली.

"आता बाजारात जा," मावशी म्हणाल्या. "फेंग माझ्याकडे येऊन गेला. सगळे वाट बघताहेत तुझी. असा फोटो काढल्यावर उद्या कोणाला काही झालं तर बोल तुझ्यावर येणार नाही, सांगून ठेवलंय मी."

पेई घरून कॅमेरा घेऊन पायऱ्यांवर पोचला. फेंगने शेगडी विझवली होती. मासेवाली, भाजीवाले, चांभार, सगळी म्हातारी मंडळी ठेवणीतले कोट घालून आपापल्या मालापुढे ताठ बसली होती. कोणी काम करत नव्हतं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. पेईने फेंगची टोपी जरा मागे सारली, दोन्ही कान दिसतील एवढी.