राखेच्या डब्यातलं तवशाचं बी

सासूबाईंनी घरात उंदीर पकडायला सापळा लावला होता. उंदीर मीच होते.

आज आईंना जाऊन वर्ष झालं. रडकी पोस्ट लिहिली तर वरून ओरडतील, म्हणून खरं काय ते लिहिते.

मी साताऱ्याची. लग्न होऊन रत्नागिरीजवळच्या या गावात आले तेव्हा मला वाटायचं, राख म्हणजे भांडी घासायची वस्तू.
आईंच्या लेखी राख म्हणजे अर्धं औषधाचं दुकान.

न्हाणीच्या चुलीतली राख थंड झाली की त्या चाळून ठेवायच्या. फक्त लाकडाची. चुलीत कोणी प्लास्टिकची पिशवी टाकली की त्याचा उद्धार ठरलेला.

सकाळी पानं दवानं ओली असताना वालीच्या वेलावर भुरभुरायच्या, मावा कीड जायची. आणि गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात, शेण आणि सुक्या पानांचा पातेरा यांच्या प्रत्येक थरावर एक मूठ.
"एकच गो. आमटीत मीठ घालतेस तशी घाल."

पण मी यूट्यूबवर शिकलेली. राखेत पोटॅश असतं म्हणे. झालं.
आई लांज्याला माहेरी गेल्या होत्या. सरप्राइज म्हणून चुलीमागच्या फळीवरचा, राखेनं भरलेला जुना बिस्किटांचा डबा काढला आणि अख्खा गायरीत उपडा केला. वर पातेरा पसरला. डबा घासून, ताजी राख भरून परत जागेवर.
स्वतःवर जाम खूश.

पेरणीच्या दिवशी आई तो डबा घेऊन अंगणात बसल्या. राखेत हात घातला. परत घातला. मग सगळी राख सुपात ओतली.
"तवशाचं बी कुठं गेलं?"

कीड लागू नये म्हणून बी राखेत ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. ही मोठाली पावसाळी काकडी त्यांच्या आईकडून आलेली. दरवर्षी नव्यानं बी धरायचं आणि डब्यात ठेवायचं. त्यांच्या माहेरीही आता ते उरलं नव्हतं.

मी सुपातली राख परत डब्यात भरायला लागले.

"उंदरान खाल्लंन," आई म्हणाल्या. त्या दिवशी नीट जेवल्याही नाहीत. संध्याकाळी सापळा लावला, आत सुक्या खोबऱ्याचा तुकडा.

मी रोज तो रिकामा सापळा बघायचे आणि ठरवायचे, आज सांगायचं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मी काही ऐकलेलं नाही."

दहा-बारा दिवसांनी गायरीकडून हाक आली.
"अगो, हिकडे ये."
खताच्या कडेकडेनं तवशाची रोपं वर आली होती.

आईंनी रोपांकडे बघितलं. मग माझ्याकडे.
"उंदीर भलताच हुशार हो. डबा उघडलान, बी पेरलंन, वर डबा घासून जाग्यावर ठेवलान."

मी रडायला लागले, त्या हसायला लागल्या.
"सांगायचं होतंस. मी काय खाणार होते तुला?"

दोघींनी रोपं अलगद काढून मांडवाखाली लावली. त्या वर्षी इतकी तवशी लागली की आम्हाला बघून शेजारी दार लावून घ्यायचे. धोंडस, म्हणजे तवशाचा गुळातला केक, करून करून गूळ संपला.

तेव्हापासून मी उंदीर. पाहुण्यांसमोरसुद्धा. "थांबा, आमचा उंदीर चहा ठेवतोय."

गेल्या वर्षी आजारपणात एक दिवस उठून बसल्या. डबा मागवला आणि माझ्या मांडीवर ठेवला.
"घे. उंदराच्या हवाली करत्येय."


यंदा पेरलेलं बी पहिल्यांदा मी एकटीनं धरलं होतं. वर्षभर धाकधूक. माझ्या हातून उगवलं नाही, तर त्यांच्या आईपासून चालत आलेलं माझ्यापाशी संपणार. पेरल्यावर रोज वाकून वाकून माती बघत होते.

उगवलं, आई. सगळं नाही, पण पुष्कळ.

आज पहिलं तवसं काढून तुमच्या फोटोपुढे ठेवलंय. सगळ्यात मोठं मांडवावरच आहे, बियासाठी. गायरीत राख मूठभरच घालते.

तुमच्या उंदराचा नमस्कार.